सहाची ओहोटी

काका,

तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे. बीपीची गोळी उपाशीपोटी घेऊ नका.

मी पहाटे धक्क्यावर जाऊन आले. बाबा महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर भरती-ओहोटीचं पाणी लिहून ठेवायचे. आजच्या चौकोनात त्यांच्या अक्षरात आहे, "सहाला पूर्ण ओहोटी. नऊच्या आत होडी निघणार नाही." पंधरा दिवसांपूर्वीच्या चौकोनातही हेच आहे, कारण पंधरवड्याने ओहोटी पुन्हा त्याच वेळेला येते. बाबा बुडाले तो तोच दिवस.

तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "दादा सहालाच एकटा होडी आणि गळ घेऊन गेला, मी झोपेत होतो." आज सहाला आपली होडी चिखलात बसलेली होती. मी आणि शेजारच्या जाळेवाल्याने मिळून ढकलली, तसूभर हलली नाही. तो हसून म्हणाला, "अगं, एवढं तर तुझ्या बापाला झोपेतही कळलं असतं."

त्या संध्याकाळी दोरीवरची तुमची पॅन्ट मीच घडी करून ठेवली होती. कमरेपर्यंत मिठाचा पांढरा डाग होता. तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

आता मी बंदर कचेरीत जाऊन बसते. तुमचा जबाब आज बारापर्यंत बदलता येईल, असं तिथले साहेब म्हणाले. मी त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही या आणि तुम्हीच सांगा. फक्त आत जाण्याआधी, बाबा शेवटी काय म्हणाले तेवढं मला सांगा.