मौसी अजून बाहेरच आहे

प्रिय मामा,

परवा दुपारी चॅनलचा फोन आला आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. तुमच्या या जबलपूरच्या रांझीतल्या घरात अंगणातून स्वयंपाकघरात, तिथून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा फाटकापर्यंत. शेवटी आज मामी वैतागली. "काहून अशी भिरभिरून राहिली तू? माझं डोकं गरगरलं. जे सांगायचं ते तुझ्या मामाला सांग, मला त्यातलं काही समजत नाही." बोलून गेली आणि मग आम्ही दोघींनीही तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. इतकी वर्षं हेच म्हणत आली ना ती! सवयीनं निघून गेलं तोंडातून.

म्हणून सांगते, मामा. ते हो म्हणाले!

पण लगेच खूश होऊ नका. तुम्हाला हवं होतं मालिकेचं पूर्ण पुढचं पर्व. ते देतायत शेवटचे दोन भाग. तेही टीव्हीवर नाही, फक्त त्यांच्या अॅपवर. "गोष्ट गुंडाळून टाका," चॅनलच्या मॅडम म्हणाल्या. गुंडाळून! गोष्ट म्हणजे काय सतरंजी आहे?

तुम्ही असता तर फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला असता. असता ना?

आठवतं, मी पहिल्यांदा या मालिकेचं सांगितलं तेव्हा तुम्ही काय विचारलं होतं? मी मोठ्या हौसेनं सांगत होते. एक जहाज आहे, पाण्यातलं नाही, आकाशातलं. पृथ्वी सोडून निघालंय, पोचायला दोन पिढ्या लागणार, सगळं गावच्या गाव आत राहतं. कप्तान आहे, शास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहे. तुम्ही चहा संपवला आणि म्हणालात, "अच्छा. अन् कामगार कोण आहे तिथं?"

एकही नव्हता. मग मी मौसी लिहिली. जहाजाचं हवेचं यंत्र सांभाळणारी म्हातारी फिटर, ठिगळ लावलेला गणवेश घालणारी, कप्तानालाही "ए पोरा" म्हणणारी. चॅनलवाल्यांना ती नको होती. म्हातारी कोण बघणार, म्हणाले. आणि लोकांनी फक्त तिलाच बघितलं! तुम्ही तर अख्ख्या रांझीला सांगत सुटलात की मौसी माझ्यामुळे आली. मला तेव्हा थोडा रागच यायचा, खरं सांगते. लिहिली मी होती.

आणि मग पहिल्या पर्वाच्या शेवटी मीच तिला बाहेर पाठवलं. जहाजाच्या अंगावरची एक झडप बिघडते, मौसी दोरीला बांधून बाहेर जाते, दुरुस्ती करते, परत येते तर दार अडकलेलं. ती काचेवर हात आपटते. पडदा काळा. पुढचं पर्व येणार याची मला खात्री होती, म्हणून तसं सोडलं. चॅनलनं मालिकाच बंद केली. तिच्या जागी नाचाची स्पर्धा सुरू झाली.

तुमचा फोन लगेच आला होता. "असं अधांतरी सोडून देते का कोणी बाईमाणसाला?"

"मामा, मी नाही सोडलं. बंद केली त्यांनी."

"मग उघडायला लावू."

मला वाटलं, म्हातारपणचं बोलणं आहे. विसरून जाल. फॅक्टरीत युनियनमध्ये हयात घालवलेला माणूस विसरत नसतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शिवानी तुम्हाला कुठे सापडली? की तिनंच तुम्हाला शोधलं? कॉलेजातली पोरगी, मोबाइलवर मालिकेच्या चाहत्यांचा गट चालवणारी, देशभरातली मुलं त्यात. सगळे नुसते रडत होते तिथे. तुम्ही म्हणालात, "रडून काय होते? बैठक घ्या." आणि बैठक घेतलीत, याच अंगणात! मामी सांगते, पनागरहून मटारचं पोतं आलं होतं, तिनं ते सगळ्यांच्या मध्ये ओतलं. "बसलेच आहात तर सोला." अवकाशातली मालिका वाचवायला जमलेली मुलं खाली मान घालून मटार सोलत बसली, आणि तुम्ही खुर्चीवरून त्यांना समजावत होतात की मागणी एकच ठेवायची आणि लहान ठेवायची.

एकच मागणी. मौसी को अंदर लो!

घंटाघरापाशी तुम्ही फलक घेऊन बसलात त्या दिवसाचं शिवानीकडून किती वेळा ऐकलंय मी. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून चौकशी करत होत्या. एक पोलीसवाला आला. त्याला वाटलं, कुणा म्हातारीला सुनेनं घराबाहेर काढलंय.

"कौनसी मौसी? किसने निकाला? पता बताइए."

तुम्ही सांगितलंत, "भैया, पता थोड़ा दूर का है."

त्यानं अर्धा तास उभं राहून सगळी गोष्ट ऐकली म्हणे. जाताना म्हणाला, "गलत हुआ, बाबूजी." हसू येतं, मामा. पण त्याच फलकाचा फोटो फिरत फिरत कुठे कुठे गेला. भोपाळ, पुणे, पाटणा. जिथे तिथे मुलं तोच कागद धरून उभी. मी मुंबईत मोबाइलवर ते फोटो पुन्हा पुन्हा उघडत होते. आनंदानं की भीतीनं, ते मला आजही सांगता येत नाही.

भांडणाचंही लिहू? लिहितेच. मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. "वो जबलपुर वाले अंकल आपके मामा हैं ना? उनको समझाइए." नव्या मालिकेचं काम मला देण्याचं चाललं होतं, तेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. मी तुम्हाला फोन केला. म्हटलं, मामा, आता पुरे, माझ्यासाठी इतकं नका करू.

तुम्ही तिकडे टीव्हीचा आवाज बंद केलात. मग म्हणालात, "तुझ्यासाठी करून राहिलो, असं कोणी सांगितलं तुला?"

"मग कुणासाठी?"

"तू लिहिलं. लिहून झालं तुझं. पाहिलं आम्ही. त्या बाईसोबत जेवलो आम्ही दर शनिवारी. आता आमचं माणूस बाहेर लटकून आहे अन् तू मालकाचा निरोप घेऊन येऊन राहिली?"

किती लागलं मला ते! मालकाचा निरोप! तुमचं फॅक्टरीचं निवृत्तीवेतन घरी येत होतं, मामा, पण मला त्याच लोकांत रोज जायचं होतं. मी तेव्हाही चुकले असं मला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण तुम्ही चुकला होतात असंही म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे. आपण दोघंही बरोबर होतो आणि दिवाळीपर्यंत बोललो नाही. असं कसं हो?

मग तुम्हीच फोन केलात, जसं काही झालंच नाही. "चलो, एक सांग. ती बाहेर गेली तेव्हा जेवून गेली होती काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही, मामा."

"तू लिहिलं अन् तुलाच माहीत नाही?"

त्या एका प्रश्नानं मी दोन दिवस कामाला बसू शकले नव्हते. ती नवी मालिका मी लिहिली, बरं का. वाईट नाही. पण तिच्यातल्या एकाही माणसाबद्दल मला असं कुणी विचारलं नाही.

थंडीत तुम्हाला खोकला झाला तेव्हा का नाही सांगितलंत? मामीला म्हणालात, "सुजीला नको सांगू, ती कामात आहे." न्यूमोनिया झाला तरी शिवानीला दवाखान्यात बोलावून पुढच्या धरण्याचं विचारत होतात! मी येऊन पोचले तेव्हा तुम्ही बोलायच्या पलीकडे होतात. यासाठी मी तुम्हाला सोडणार नाही, मामा. एक फोन करता आला असता. आंदोलनाचा निरोप पाटण्यापर्यंत गेला आणि माझ्यापर्यंत नाही?

अंत्ययात्रेला ती सगळी मुलं आली होती. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा त्यांना शब्द येत नव्हते. हात जोडून, ओठ हलवत उभी राहिली. मोबाइलच्या दुकानात काम करणारा अभिषेक सरळ दुकानातून आला होता. त्याच्या काखेत फलक होता, घडी करून. आणलाय खरा, आता ठेवायचा कुठे, हे त्याला कळत नव्हतं. मामीनं पाहिलं. मी घाबरले, आता ही काय बोलते! ती म्हणाली, "आणलाच आहे तर ठेव तिथं, भिंतीला लावून. सगळ्यांना दिसू दे."

आता कालचं सांगते. चॅनलनं माझी सही मागितली होती. मी म्हटलं, आधी मुलांना विचारते. काल संध्याकाळी सगळे अंगणात जमले. मी सांगितलं, दोन भाग, अॅपवर. क्षणभर टाळ्या आणि मग लगेच भांडण. अभिषेक उभा राहिला. "दो नहीं चाहिए. ये भीख है. पूरा देंगे तो देंगे, नहीं तो हम फिर बैठेंगे." दुसऱ्यांनी आरडाओरडा केला. शिवानी माझ्याकडे वळली. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र हिंदीच येते तोंडात. "दीदी, मामाजी होते तो क्या बोलते?"

मी काय सांगणार? तुम्ही गेल्यापासून जो तो तुमच्या नावावर काहीही खपवतोय. त्यात मीही भर घालू? 

बोलली ती मामी. ओट्यावरून, पदराला हात पुसत. मालिकेचा एकही भाग शेवटपर्यंत जागी राहून न बघितलेली तुमची बायको!

"मी सांगते," म्हणाली. "क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा पाणी दोन टाइम पाहिजे म्हणून यांनी आंदोलन केलं. अन् एक टाइमवर सही करून आले. लोकांनी गद्दार म्हटलं. मी पण बोलली नाही यांच्याशी. पण सकाळी नळ आला तेव्हा मी पोरांच्या आंघोळी करून घेतल्या. नळाला सांगितलं नाही की दोन टाइम येशील तरच ये म्हणून. अन् दुसऱ्या टाइमासाठी भांडणं चालूच ठेवलं."

"फिर मिला, मामीजी? दूसरे टाइम का पानी?" अभिषेकनं विचारलं.

"भेटलं ना. तोवर पोरगा नोकरीला लागला होता."

आधी शिवानी हसली, मग अभिषेक. हसता हसता त्यानंच पहिला हात वर केला. दोन भाग घ्यायचे, आणि पुढच्यासाठी बसायचं थांबवायचं नाही, असं ठरलं. मामी आत जाऊन भाताला फोडणी देऊ लागली, काही विशेष झालंच नाही अशी.

सही मी आज सकाळी पाठवली. आता लिहायचं आहे, आणि म्हणूनच पाय थांबत नाहीत. पहिलं दृश्य लिहिलं, उठले. खोडलं, उठले. मॅडमना सगळं कुटुंब एकत्र आलेला गोड शेवट हवाय. तुम्हाला मौसी कप्तान व्हायला हवी होती. मुलांना जहाज नव्या ग्रहावर उतरलेलं बघायचंय. आणि मला यातलं काहीच करायचं नाही, मामा! मौसी आत येईल, हे तर ठरलेलंच. पण कप्तान नाही होणार. ती पुन्हा हवेच्या यंत्रापाशी जाईल आणि एका नव्या पोरीला ते शिकवायला बसेल. जहाज पोचणार नाही. चालतच राहील. तुम्हाला नाही आवडणार. "इतक्या लढ्यानंतर तिला पुन्हा कामावरच पाठवली?" मला ऐकू येतंय ते. भांडा. आता भांडायला या!

येणार नाही ना तुम्ही. मग एक वचन देते तेवढं ऐका. शेवट मला पटतो तसाच लिहीन. मॅडमसाठी बदलणार नाही, मुलांसाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही. ते दोन भाग येतील त्या दिवशी मी मुंबईत दार लावून बसणार नाही. इथे अंगणात पडदा लावू, मी पुढे मुलांमध्ये बसेन आणि संपल्यावर तोंड लपवून उठून जाणार नाही. त्यांना राग आला तर त्यांच्या तोंडून ऐकेन, पटलं नाही तर उलट बोलेन. तुम्ही माझ्याशी बोलत होतात तसंच, आवाज चढवून.

जय भीम, मामा.

तुमची भांडखोर भाची,
सुजाता