तात्कालिक कारण: बोरीची फांदी

मी, हौसराव बाबुराव शेलार, वय पंचाहत्तर, माध्यमिक शाळेतील निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. राग मात्र आहे, आणि तो स्वकष्टार्जित आहे.

१. माझे वारस तीन: पत्नी मुक्ताबाई, थोरला मुलगा नवनाथ, धाकटा विक्रम. जमिनीची वाटणी २०१२ सालीच झाली. त्या वेळी मुलांनी आईबापही वाटून घेतले. मी नवनाथकडे जेवायचे, मुक्ताबाईने विक्रमकडे. आमच्याकडे ही रीत आहे आणि तिला कोणी नावे ठेवत नाही. मी ठेवतो. दोन घरांमध्ये सत्तर पावलांचे अंतर आणि एक बांध आहे.

२. सामायिक विहीर, विहिरीलगतचे एक एकर आणि मोटरीची दोन खणी खोली एवढेच माझ्या नावावर उरले आहे. हे सर्व मी मुक्ताबाईला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिच्या पश्चात काय करायचे ते ती ठरवील. मुलांनी हरकत घेण्यापूर्वी कलम चार वाचावे.

३. माझ्या आजोबांचा थोरला भाऊ धोंडिबा पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, कुत नावाच्या गावी मेला. आमच्या वस्तीच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे, इथून अकरा गेले, तीन परतले नाहीत, अशी. नावे पाटीवर नाहीत. हल्ली तिच्यासमोर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स टांगतात. माझ्या खर्चाने त्या पाटीखाली तिघांची नावे कोरावीत आणि फ्लेक्ससाठी ठोकलेला खिळा उपटून टाकावा.

धोंडिबाची बायको तुळजाबाई मी शाळेत जाईपर्यंत हयात होती. ती मला म्हणाली होती, "मास्तरला इचार, कुठल्या तरी गोऱ्या राजाचा पोरगा मारला, तर माझा मालक कशापायी गेला?" मास्तरांनी मला गप्प बसवले. उत्तर शोधता शोधता मीच मास्तर झालो.

एकतीस वर्षे मी 'पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा' हा प्रश्न तपासला. गाइडात पाच कारणे असत: साम्राज्यांची हाव, शस्त्रांची चढाओढ, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद आणि शेवटी तात्कालिक कारण, म्हणजे साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. पोरे शेवटचे तेवढे पाठ करीत, कारण त्यात पिस्तूल होते. एका गोळीने दीड-दोन कोटी माणसे मरत नाहीत, असे मी ओरडून सांगितले. ती मरतात, कारण आधी चाळीस वर्षे दारू ठासलेली असते आणि ठासणारा प्रत्येक जण म्हणत असतो की हे फक्त रक्षणासाठी. गाइड छापणाऱ्यांना मी काहीही देत नाही, क्षमासुद्धा नाही.

४. आता माझ्या घरचे महायुद्ध. गाव म्हणते, शेलारांच्यात बोरीच्या फांदीवरून जुंपली. गावाने मला इतिहास शिकवू नये.

बांध दोघांनीही कोरला. दर नांगरटीला वीतभर, इकडून आणि तिकडून. बैलगाडी जाईल एवढा बांध होता, आता त्यावरून शेळी चालताना विचार करते. मग नवनाथने विक्रमच्या गोठ्याकडे तोंड करून कॅमेरा लावला. विचारले तर म्हणाला, "बिबट्यासाठी हाय, आबा." विक्रमने बांधाला तार ओढून झटका मशीन बसवले. तेही बिबट्यासाठीच. बिबट्या त्या साली पाबळकडे होता. नवनाथचे मेहुणे दौंड तालुक्यातले, पाटसचे. ते म्हणाले, "दाजी, नुसता फोन करा, दोन गाड्या भरून येतो." विक्रमच्या सासुरवाडीनेही हेच कबूल केले. त्यात कारखान्याच्या निवडणुकीत दोघांचे पॅनेल वेगळे. पाचातली चार कारणे हजर होती आणि मी ओसरीवर बसून पेपर वाचत होतो.

जानेवारी २०२४ मध्ये विक्रमच्या बोरीची एक फांदी नवनाथच्या कांद्यावर आली. नवनाथने ती तोडली. तासाभरात तीन गाड्या आल्या. विक्रमचा हात मोडला, नवनाथ अकरा दिवस कोठडीत होता, आणि शिरूरच्या कोर्टात तारखा अजून चालू आहेत. फांदीला बोरे होती, ती कोणी खाल्ली नाहीत.

त्या दिवसापासून बांध ओलांडायची बंदी झाली. मला विक्रमच्या दारात जाता येत नाही, मुक्ताबाईला नवनाथच्या. गेलो तर फितूर ठरतो. बावन्न वर्षे संसार केलेली आम्ही दोघे तेव्हापासून गुरुवारी न्हावऱ्याच्या सरकारी दवाखान्यात, बीपीच्या गोळ्यांच्या रांगेत भेटत आलो. तिथल्या बाकावर ती पदराखालून मला तिळाची चटणी देते, चोरासारखी.

५. दोन्हीकडच्या मेहुण्यांना माझ्या दहाव्याला बोलावू नये. आले तर एकाच गाडीतून यावे.

६. हे कलम मला लिहायचे नव्हते. गेल्या गुरुवारी मी बाकावर बसून पोरांच्या नावाने बोटे मोडत होतो. मुक्ताबाई ऐकत होती. मग म्हणाली, "इक्रम म्हनतो, आबा माझ्या पाठीशी हायेत. परवा देवळात नवनाथ भेटला, त्योबी तेच म्हनला. दोघं खरं बोलत्यात का?"

दोघेही खरे बोलत होते. वाद पेटत होता तेव्हा मी नवनाथला जेवताना म्हणालो होतो, "भिऊ नको, मी तुझ्या पाठीशी हाय." त्याच आठवड्यात विहिरीवर विक्रमलाही तेच, त्याच शब्दांत. दोन्ही घरी शांतता राहावी, एवढाच हेतू. ५ जुलै १९१४ ला जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितले की काय करायचे ते करा, आम्ही पाठीशी आहोत. तिकडे रशियाने सर्बियाला धीर दिला. हा भाग मी वर्गात फळ्यावर छडी आपटून शिकवत असे. एकाच माणसाने दोन्ही बाजूंना असा शब्द दिल्याचे उदाहरण मात्र मला युरोपात सापडले नाही. ते न्हावऱ्यात सापडले.

ती पुढे म्हणाली, "त्या युवराजाला मारलं, तवा त्याची बायकोबी मेली व्हती, तुम्हीच सांगितलं व्हतं मला. तिचं नाव कुनी लिव्हतं का पेपरात?"

कोणी लिहीत नाही. मीही कधी विचारले नाही. तिचे नाव सोफी होते. म्हणून कलम दोन मुक्ताबाईच्या नावाने आहे.

७. युरोपचा १९१४ चा हाताने रंगवलेला नकाशा नवनाथची मुलगी सायली हिला द्यावा. तिला इतिहास आवडतो. तो नकाशा तिने विक्रमच्या भिंतीवर लावावा.

८. हे मृत्युपत्र मुलांना वेगवेगळे वाचून दाखवू नये. दोघांना विहिरीवर शेजारी बसवूनच वाचावे. एकेकट्याला बोलून मी जे केले, ते पुन्हा होऊ द्यायचे नाही. या घरच्या युद्धाच्या कारणांत माझे नाव पहिले लिहावे, मग त्यांची. फांदीचे नाव लिहूच नये, लिहिल्यास शून्य गुण.

९. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, असे वकील सांगतात. तेवढे थांबण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. म्हणून हे कलम कालपासूनच लागू. काल सकाळी मी झटका मशीनचा खटका पाडला, पक्कडीने तार तोडली आणि भर उजेडात बांध ओलांडून विक्रमच्या दारात गेलो. कॅमेऱ्यात सगळे असेल, नवनाथने निवांत पाहावे. मुक्ताबाई पिशवी भरूनच बसली होती. आता आम्ही दोघे मोटरीच्या खोलीत राहतो. चूल मांडली आहे. कोणाचीही पाळी लावू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे, आणि साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: हौसराव बाबुराव शेलार

साक्षीदार: १. संघर्ष म्हस्कू कोळपे, माझा माजी विद्यार्थी. याने सहामाहीला पाचही कारणे लिहिली होती.
२. साखरबाई नामदेव गवळी, दवाखान्यात गुरुवारच्या रांगेत आमच्या मागे उभ्या असतात, सर्व जाणतात.

ठिकाण: सामायिक विहिरीवरची खोली, न्हावरे.
दिनांक: ८ जानेवारी २०२६, गुरुवार.

ता. क. आज गुरुवार असूनही आम्ही दवाखान्यात गेलो नाही, इथून पुढे जाणारही नाही. आमच्या दोघांच्या गोळ्या संपत आल्या आहेत. त्या नवनाथ आणि विक्रम यांपैकी एकाने आणाव्यात. कोणी जायचे, ते त्यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे.