चेसिस नंबरचा शेवटचा अंक

बाबा,

मी तुमचा थोरला मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय छप्पन्न, वर्ध्यातील एका विमा प्रतिनिधीच्या कार्यालयात सत्तावीस वर्षे लेखनिक. हे पत्र तुमच्या आकाशी रंगाच्या स्कूटरच्या मालकीच्या कागदांबाबत आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली, तेव्हा ते कोणत्याही पत्त्यावर पोहोचणार नाही. तरीही घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे, कारण एका गोष्टीचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊन गेलात आणि तो तुमचा नव्हता.

स्कूटर तुम्ही वडनेरच्या काकांकडून घेतली. ते तुमचे शाळासोबती. त्यांनी मोटारसायकल घेतली आणि स्कूटर तुम्हाला दिली. जुनी गाडी घेण्याची आपल्याकडची रीत मी रोज कार्यालयात पाहत होतो. विकणारा हस्तांतरणाच्या फॉर्मवर सह्या करून देई, घेणारा ते घडी घालून आरसी बुकात ठेवी, आणि आरटीओत जाऊन स्वतःचे नाव चढवण्याचे काम वर्षानुवर्षे राहून जाई. ओळखीच्या माणसाच्या गाडीवर लगेच नाव चढवणे म्हणजे भरवसा नाही असे त्याला तोंडावर सांगणे. मी आठवण दिली की तुम्ही म्हणत, "तो का पळून चालला का? वडनेरलेच आहे ना." विमासुद्धा काकांच्याच नावाने चालू राहिला. त्याचे दरवर्षीचे नूतनीकरण मी स्वतः करत होतो.

सात वर्षांनी तुम्ही ऐकलेत. फॉर्मसोबत चेसिस नंबरचा छाप लागतो, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या अंकांवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची. समुद्रपूरच्या आपल्या दुकानामागे तुम्ही पोते अंथरून स्कूटरशेजारी आडवे झाला आहात, कानावरची पेन्सिल हातात आहे, आणि आई दारातून म्हणते आहे, "कोणी पाह्यलं तं म्हणन, शेटजीचा अपघात झाला. उठा आता!" तुम्ही न उठता सांगता, "थांब ना वो, दोनच आकडे राह्यले." ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुम्ही मला वर्ध्याला आणून दिलेत. "घे बाबू. आता चढव नाव. त्याले इचारलं मी, त्याले राग नाई." माझ्या टेबलावरून कुणाचाही कागद पहिल्या फेरीत सुटत नाही, अशी कार्यालयात माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. तुम्ही बसस्टँडकडे गेल्यावर मी छाप उजेडात धरला आणि कागदाला टाचण लावले: 'शेवटचा अंक अस्पष्ट. छाप पुन्हा घ्यावा.' मग सारे 'अपूर्ण' असे लिहिलेल्या फाइलमध्ये ठेवले. पुढच्या भेटीत तुम्हाला सांगणार होतो. पुढच्या भेटीत दुसराच विषय निघाला, त्यानंतर मी विसरलो.

पुढल्या वर्षी हिंगणघाटच्या बाजारातून स्कूटर चोरीस गेली. तुम्ही दुकानासाठी गूळ घेत होतात. वळून पाहिले तर जागा रिकामी. ठाण्यात हवालदाराने आरसी बुकाची झेरॉक्स पाहिली आणि तो हसला. "शेटजी, मंग तुमची गाडी चोरीले गेलीच नाई. ह्या वडनेरवाल्याची गेली. त्याले सांगा रडाले." तुम्हीही त्याच्याबरोबर हसलात. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसलात. त्या गाडीवर तुमचे दुकान चालत होते, आणि अडुसष्टाव्या वर्षी दुसरी गाडी होणार नव्हती, हे आपल्या दोघांनाही माहीत होते.

काका दुसऱ्याच दिवशी बसने आले. "गाडी माह्या नावावर, विमा माह्या नावावर. मी लिहून देतो का गाडी माहीच होती, शेटजी निस्ते चालवत होते. पैसे आले का आणून देतो. कोणाचं काय जाऊन राह्यलं?" मी म्हणालो, ते खोटे निवेदन होईल. काका म्हणाले, "अरे, आठ वर्षं मी तुह्या बापाच्या गाडीचा मालक होतो, तवा खोटं नव्हतं. आताच काऊन झालं?" तरीही मी नकार दिला, आणि तुम्ही माझ्याकडे पाहत म्हणालात, "पोरगा म्हणते तं नको." नंतर काहीशा संकोचाने तुम्ही मला विचारलेत, "पण बाबू, ते सह्याचे कागद मी तुले देल्ले होते ना?"

मी म्हणालो, "मला दिले असते तर ते जमा झाले असते."

हे वाक्य मी काकांसमोर आणि आईसमोर उच्चारले. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलेत आणि मान डोलावलीत. "हो. तेबी खरं आहे."

आठ दिवसांनी दुसऱ्याच कुणाचे कागद शोधताना ती फाइल माझ्या हाती आली. तुमचे फॉर्म, तुमचा छाप, माझे टाचण. खरे ते लिहून काकांच्या सहीने केलेल्या विम्याच्या दाव्याचा निर्णय अजून यायचा होता. मी नियम पाहिले: चोरी झाल्यानंतर नाव चढवता येत नाही, म्हणजे कागद सापडले काय किंवा न सापडले काय, निकाल तोच. वस्तुस्थिती बदलत नसेल तर ती सांगण्याचे प्रयोजन नाही, असे मी स्वतःला समजावले आणि फाइल पुन्हा आत ठेवली. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले ते मीच तुम्हाला वाचून दाखवले.

तुम्ही त्यानंतर बसने माल आणू लागलात, दोन्ही हातांत पिशव्या. मी घरी येई तेव्हा पत्र्याची पेटी उघडी दिसे. तुम्ही जुन्या पावत्या, कॅलेंडरे, लग्नपत्रिका एकेक उलटून पाहत असायचात. आई म्हणे, "दुकानाची चाबी कुठी ठेवली ते ध्यानात राह्यत नाई, कागद काय राह्यतीन!" एके दिवशी तुम्ही घराचे, दुकानाचे सारे कागद गाठोडे बांधून माझ्यापुढे ठेवलेत. "हे तुह्याकडंच ठेव. माह्यानं आता सांभाळणं होत नाई." मी ते घेतले. पोच म्हणून तुम्हाला यादी लिहून दिली, क्रमांक घालून. शेवटच्या आजारातही तुम्ही मला एकदा विचारलेत, कागद सापडले का. मी म्हणालो, नाही.

गेल्या आठवड्यात काकांच्या मुलाचा फोन आला. काका तर तुमच्या आधीच गेले. नोंद अजून त्यांच्या नावाची, म्हणून ठाण्यातून निरोप त्यांच्या घरी आला: आवारात एक जुनी स्कूटर पडून आहे, नंबर प्लेट नाही, चेसिस नंबर जुळतो का पाहून जावे. मी फाइल घेऊन गेलो. बेशरमाच्या झुडपात सांगाडा होता. आकाशी रंग फक्त हँडलखाली नखभर उरलेला. एक तरुण हवालदार वाकून पत्र्यावरचे अंक मोठ्याने वाचू लागला आणि मी तुमच्या छापावर बोट सरकवत गेलो. शेवटच्या अंकापाशी मी थांबलो, म्हणालो, इथे छाप अस्पष्ट आहे. त्याने कागद माझ्या हातून घेतला, उन्हात धरलासुद्धा नाही. "तीन. साफ तं दिसते, साहेब." पत्र्यावरही तीन होता. गाडी सोडवायची तर काकांच्या वारसांनी अर्ज करायचा. न केल्यास ती भंगारात निघेल. काकांच्या मुलाने विचारले, करू का अर्ज? मी त्याला नको म्हणालो. सोडवून ती कुणाला द्यायची होती?

हे पत्र त्याच फाइलमध्ये, तुमच्या फॉर्मखाली ठेवीत आहे. टाचण आज काढले. बाबा, छाप तुम्ही नीट घेतला होता. त्या दिवशी उजेडात धरला तेव्हा मलाही तो तीनच दिसला होता. कुणाचा कागद पहिल्या फेरीत सोडायचा नाही, एवढ्याचसाठी मी अस्पष्ट असे लिहिले.

आपला,
थोरला मुलगा
वर्धा, तान्ह्या पोळ्याचा दिवस