वीणा गळ्यात असताना

आण्णा,

गावचा हरिनाम सप्ताह होऊन तीन आठवडे झाले. तुमच्या पाठोपाठ तुमची सूनही वारली, तेव्हापासून घरात मी एकटाच आहे. भाकरी जमते आता, कडा तेवढ्या करपतात. तुमची नात बीडहून फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवून देते. पूर्वी तिचं बोलणं संपत नसे.

तुमच्या पहाऱ्याची ती दुपार सारखी आठवते. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, दोन-दोन तासांचा पहारा, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. तुम्ही वीणा घेऊन उभे आहात, मी सतरा-अठरा वर्षांचा, टाळकऱ्यांत. वेशीबाहेरच्या वस्तीतला, सायकली दुरुस्त करणारा तो माणूस टाळ थांबवतो आणि भर मांडवात विचारतो, "टाळ कुटायला आमी चालतो, मग वीणा कावून न्हाई?" सगळ्यांचे टाळ विस्कटतात. चुलते म्हणतात, आधी हाताचं वंगण धुऊन ये बे. लोक हसतात. तुम्ही हसत नाही. वीणा काढून त्याच्या गळ्यात घालता. "धर. तुझं नीट ऐकायचंय मला. ही गळ्यात असली की माझंच मला ऐकू येतं." आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसता. तो मात्र पहारा संपेपर्यंत डोळे मिटून नाम घेत उभा राहिला.

त्या दिवशी निम्मं गाव पंगतीला आलं नाही. आई चुलीपुढून चिडून म्हणाली, आता ही कढईभर आमटी कुणाच्या तोंडात घालू? आलेत त्यांना दोनदा वाढ, एवढंच तुम्ही म्हणालात.

यंदा वीणा माझ्या गळ्यात होती. चौथ्या दिवशी दुपारी तुमची नात बायकांतून उठली. दवाखान्यातली नर्सची ड्युटी, त्यातून रजा काढून आली होती. म्हणाली, "बाबा, सात दिवस भाकरी बायकांनी थापायच्या आणि पहारा एकीलाही नाही. हे तुम्हाला पटतं का, तेवढं सांगा." सूर भांडणाचा नव्हता. मी हो किंवा नाही म्हटलं असतं तरी ती खाली बसली असती. मी आवाज चढवला. देवाचं नाव मोठमोठ्याने घेत राहिलो, टाळकऱ्यांनीही साथ दिली, आणि तिचं पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ती बसली. माझा पहारा संपेपर्यंत टाळ्या वाजवत नाम घेत होती. नंतर पिशवी उचलून नेकनूरला गेली आणि तिथून बीडची गाडी धरली. पोरीला बरं गप केलंस म्हणून मंडळींनी माझी पाठ थोपटली.

मला पटत नाही, आण्णा. तेव्हाही पटत नव्हतं. पण त्या प्रसंगानंतरच्या वर्षी पंचांनी तुम्हाला पहारा दिला नाही आणि तुम्ही शेवटच्या रांगेत टाळ घेऊन उभे राहिलात, ते मी पाहिलंय. तुमच्या शेजारी जागा होती. मी पुढे, चुलत्यांजवळ जाऊन उभा राहिलो. तुम्ही त्याबद्दल मला कधी विचारलं नाहीत.

हे खरं तिला लिहायला हवं. तिचा पत्ता आहे माझ्याकडे. तुम्हाला लिहिलं की पाठवावं लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.