उंदीर बरे झाले, मिलिंद

प्रिय मिलिंद,

परवा आमच्या प्रयोगशाळेत पेढे वाटले. आतड्याला जखम असलेले उंदीर बरे झाले, म्हणून. माझा पेढा मी रुमालात गुंडाळला आणि नवलाख उंबऱ्याला, आपल्या गावी घेऊन आले. खूप दिवसांनी घरी आले होते. आईने विचारलं, "कशाचा गं?" जे होतं ते सांगितलं. तिने पेढा रुमालासकट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उंदराचं आतडं बरं व्हतं, मग माझ्या पोराचं का न्हाई झालं?"

मला तिच्याशी बोलवत नाही, म्हणून तुला लिहितेय. तू निदान बोलता बोलता उठून जाणार नाहीस.

किती उठायचास रे! जेवताना, गप्पा मारताना. मावशीच्या लेकीच्या लग्नात तर फोटोला उभा राहिलास आणि तसाच पळालास. आम्ही सगळे हसलो. तेव्हा तुला शौचातून रक्त पडत होतं, हे कुणाला ठाऊक होतं? मला तरी सांगायचंस! बहीण आतड्यांवर काम करते आणि भाऊ तिच्यापासूनच दुखणं लपवतो!

माझ्या कामाची तुला गंमत वाटायची. "हितं माणसाला डॉक्टर मिळंना, आन् उंदरांच्या तैनातीला ही मॅडम!" पण एकदा तळेगाव स्टेशनवर गाडीची वाट बघताना तू नीट विचारलंस, "ताई, तू नक्की बघतीस तरी काय?"

मी सांगितलं. आपल्या आतड्याच्या भिंतीत नसांचं जाळं असतं. त्या जाळ्यातल्या चेतापेशींना धरून दुसऱ्या पेशी बसलेल्या असतात, आधारपेशी. पूर्वी लोकांना वाटायचं, त्या नुसत्या टेकू आहेत. पण तसं नाही. आतडं सोललं गेलं की नवं अस्तर यावं म्हणून त्या मदत करतात. रोगाशी लढणाऱ्या पेशींनी कधी धावून यायचं, कधी थांबायचं, याचे निरोपही त्या देतात.

तू ऐकत होतास. मग म्हणालास, "आन् त्याच दमल्या तर?"

"माणूस सतत ताणाखाली राहिला तर त्या उलटतात म्हणे. सूज कमी करायची सोडून वाढवायला लागतात."

"मग माझ्या कवाच्याच उलटल्या," तू म्हणालास आणि हसलास. मीही हसले. गाडी आली.

तुझ्या कंपनीत संडासला जायला मशीनची लाईन सोडायची तर जागेवर दुसरा माणूस यावा लागायचा. तो वेळेवर कधी यायचा? म्हणून तू ड्युटीवर खाणंच बंद केलंस. पोटात काही नसलं की उठावं लागणार नाही, हा तुझा हिशेब. आईने भरलेला डबा गेटबाहेर कुणाला तरी देऊन टाकायचास, आणि घरी येऊन सांगायचास, "भाजी लय भारी व्हती." किती सहज खोटं बोलायचास रे!

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या दिल्या आणि निघताना म्हणाले, टेन्शन घेऊ नका. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "टेन्शन कमी करायची गोळी कुटल्या मेडिकलात मिळती?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, मिलिंद. पण खरं असून तुला त्याचा काय उपयोग होता?

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं. कंपनीतली पोरं चिडवायला लागली. सुपरवायझरला आजार कळला तर कॉन्ट्रॅक्ट संपवतील, कधीच कायम करणार नाहीत, या भीतीने तू गोळ्या परस्पर बंद केल्यास. कुणाला विचारलंस? निदान हळूहळू कमी करायच्या होत्यास! याचा मला अजून राग येतो. मेलेल्या माणसावर रागवून होतं काय, पण येतो.

त्या दिवशी तुझं पोट दगडासारखं झालं होतं, तरी पाळी सुटेपर्यंत उभा राहिलास. कंपनीच्या बसमधून उतरून दारात आलास तो आईच्या अंगावरच कोसळलास. तळेगावच्या दवाखान्यात सांगितलं, आतडं फाटलंय, लगेच ऑपरेशन. आत नेताना तू माझं मनगट धरलंस. "ताई, तुझ्या त्या पेशी करतील ना काय तरी?"

"करतील," मी म्हणाले.

मला माहीत होतं, आता त्यांच्या हातात काही उरलेलं नाही. विष पोटभर पसरलं होतं. ऑपरेशननंतर तू डोळे उघडले नाहीस.

आणि मी पुन्हा त्याच प्रयोगशाळेत कामाला जाते. लोक म्हणतात, भावासाठी काम कर, त्याच्यासारखे वाचतील. वाचतील का? उंदरापासून माणसाच्या औषधापर्यंत किती लांब जायचं असतं, ते मला ठाऊक आहे. मधेच सगळं फसतंही. भिंगाखाली त्या पेशी हिरव्यागार चमकतात, चांदण्यांसारख्या. पूर्वी बघताना हरखून जायचे. आता बघते, आणि मनात काहीच हलत नाही. त्या उंदरांचाही मला हेवा वाटतो. लाज वाटावी इतका.

परवा पेढ्याचा विषय झाल्यावर आईने ताट वाढलं. आमटी नुसती पिवळी, भाजीत मिरची नावाला नाही. मी म्हटलं, "आई, तिखट घालायला विसरलीस का?" ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "घरात आणतच न्हाई. माझ्याच तिखटानं माझ्या लेकराची आतडी जळली."

मिलिंद, तू गेल्यापासून ती हे मनात घेऊन बसलीय, आणि आम्हा कुणाला पत्ताच नव्हता.

तुझ्या नावाने मोठं काही करण्याची ताकद माझ्यात नाही. औषध शोधीन असं वचन देणार नाही, ते खोटं ठरेल. पण दर रविवारी घरी येईन, आईशेजारी बसेन आणि तिला सांगेन, तुझ्या हातच्या जेवणाने त्याला काही झालं नाही. तिला पटेपर्यंत सांगेन. नाहीच पटलं, तरी सांगत राहीन.

जय भीम.

तुझी,
सुजाताताई