अप्पांच्या पाया पडू नकोस

मेल राजवीधी, तंजावूर
११ एप्रिल, गुरुवार

चिरंजीव मुरलीकृष्णास,

अक्काचे आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व बरे आहोत. सर्व म्हणजे मी आणि अप्पा, पण पत्रात असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. अप्पांचा खोकला कमी आहे. डोळ्यांचं औषध चालू आहे, पण डॉक्टर म्हणाले, आता जेवढं दिसतंय तेवढंच दिसणार. ऊन भयंकर आहे. गच्चीवर तांदळाचे वडम घातले होते, छान वाळले. तुझ्यासाठी डबा भरून ठेवला होता. सोमवारी तो डबा मी बँकेतल्या संगीताला देऊन टाकला.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. तुझा फोन हल्ली तुझ्याजवळ नसतो. केव्हाही केला तरी कोणी तरी उचलतो आणि "अण्णन मीटिंगमध्ये आहेत" म्हणून ठेवतो. तमिळमध्ये लिहावं तर तुझ्याआधी तुझं ऑफिस वाचणार, इंग्रजीत लिहिलं तरी तेच. देवनागरी मात्र तिथे एकालाही येत नाही. अप्पा आपल्याला पाटी घेऊन बसवायचे तेव्हा तू भोकाड पसरायचास, की शाळेत नाही, बाजारात नाही, मग ही अक्षरं शिकायची कशाला. हा बघ उपयोग. सावकाश, अक्षर लावत वाच. माझं ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर चुकू दे, माझं आत्ता तिकडे लक्ष नाही.

आधी अभिनंदन. खासदारकीचं तिकीट मिळालं. आपल्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून दिल्लीला जायला निघालेला तू पहिलाच. ते कसं मिळालं हे मात्र मला कोणी सांगायची गरज राहिली नाही. अख्ख्या तमिळनाडूने ते टीव्हीवर पाहिलं, मीही पाहिलं.

त्रिचीची सभा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुझं नाव पुकारलं म्हणून पळीसकट बाहेर आले. तू पांढरी शुभ्र वेष्टी नेसून मंचावर आलास, मला बरं वाटलं. मग तू पक्षाची गादी चालवणाऱ्या धाकट्या तलैवरांसमोर गेलास आणि सरळ आडवा झालास. कपाळ, छाती, गुडघे, सगळं फळ्यांवर. तो माणूस तुझ्याहून पंधरावीस वर्षांनी लहान असेल. तो वाकून तुला उठवेल असं मला वाटलं. तो फोनमध्ये बघत होता, मुरली. त्याला तू दिसलाही नाहीस. तू तसाच पडून राहिलास, आणि शेवटी त्याच्या अंगरक्षकाने खांद्यावर टिचकी मारली तेव्हा उठलास. उठून हसलास. मला त्या पडण्याचा नाही एवढा त्या हसण्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी तिरुवैयारूच्या बसमध्ये चढले, तर रोजची जागा धरून ठेवणाऱ्या बायका एकदम गप्प. तिथल्या सहकारी बँकेत मी एवढी वर्षं जाते, माझ्यासमोर त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या. शेवटी संगीताच म्हणाली, "अक्का, राग मानू नका, पण जो आपल्या तलैवरांसमोर उभा राहू शकत नाहीं तो दिल्लीत आमच्यासाठीं कोणासमोर उभा राहणार?" ती आपल्यातली, माझ्याच बँकेतली, म्हणून तिला बोलायचा धीर झाला. मग सगळ्यांनाच झाला. मोगरा विकायला नेणारी म्हातारी म्हणाली, थोरले तलैवर असते तर त्यांनी बखोटीला धरून तुला उभं केलं असतं. धाकट्याला साधं वणक्कमसुद्धा कागद बघून म्हणावं लागतं. कोणी म्हणालं, आमच्याकडून दिल्लीला जो जातो तो फोटो घेऊन येतो, कावेरीला पाणी घेऊन कोणी येत नाही. ड्रायव्हर चिदंबर आरशात बघत म्हणाला, बाप गेला की मुलाला दुकान मिळतं हे समजू शकतो, पण पक्ष म्हणजे काय ह्यांच्या घरचं दुकान आहे? आणि आपण काय त्यातली बरणी? सगळे हसले. मीही हसले, कारण न हसता बसणं जास्त अवघड होतं.

तुला वाटतं की आम्हाला काही कळत नाही. मागच्या निवडणुकीत मणिकूंडूच्या चौकात दिल्लीवाल्यांना तू काय काय म्हणाला होतास, ते मी गर्दीत उभी राहून ऐकलंय. आमची भाषा खातील, आमचा तांदूळ खातील, त्यांच्या दारात कुत्रंही उभं राहणार नाही, असं म्हणाला होतास. आज त्याच चौकात तुझ्या फलकावर दिल्लीच्या साहेबांचा फोटो थोरल्या तलैवरांच्या फोटोहून मोठा आहे. विचारलं तर म्हणतोस, "अक्का, देशाचं राजकारण वेगळं असतं." वेगळं असेल. मग आम्हाला ते समजावून सांग. चार वर्षं शिव्या दिल्या त्या खोट्या होत्या, की आत्ताची मिठी खोटी आहे? युती करू नये असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी शिव्या ऐकून टाळ्या वाजवल्या, त्यांना एका शब्दाने काही सांगायचं की नाही? तुमच्यापैकी एकालाही ते गरजेचं वाटलं नाही. वरून निरोप आला, फलक बदलले, आणि आम्ही फक्त कोणता फोटो कुठे गेला ते बघत बसायचं.

अप्पांबद्दल लिहायचं मी टाळत होते. टीव्ही बिघडलाय असं मी त्यांना सांगितलं होतं. वायर मीच काढली होती.

तुला आठवण करून द्यायला नको, पण देते. अप्पा कॉलेजात असताना ह्या पक्षात आले ते कशासाठी? ते नेहमी सांगायचे, पक्षाने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की माणसाने माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही. हात जोडायचे, मान सरळ ठेवायची. स्वतःच्या लग्नात ते ना सासऱ्यांच्या पाया पडले ना भटजींच्या. आईच्या माहेरी केवढा गोंधळ झाला होता, आई मरेपर्यंत सांगायची. आपण दिवाळीला वाकायला गेलो की ते पाय मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "उभा राह. मला तुझं तोंड बघायचं अहे." थोरले तलैवर आपल्या ओसरीवर बसून कॉफी प्यायले, तेव्हाही अप्पा त्यांच्यासमोर नुसते हात जोडून उभे होते. आपण दोघं जन्मात अप्पांच्या पाया पडलेलो नाही, मुरली. ज्याला बापाच्या पाया पडायची मुभा नव्हती, तो फोनमध्ये बघणाऱ्या एका पोरगेल्या माणसाच्या पायाशी लोळला, त्याच पक्षाच्या मंचावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

वायर काढून काय होणार? शनिवारी गुरुमूर्तीमामा आले. अप्पांबरोबर पक्षासाठी भिंती रंगवलेले तेवढेच एक उरलेत. आल्या आल्या रडायला लागले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाकला कीं पडला?"

मामा म्हणाले, "पडला रे, सांबशिवा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"उठवलं कोण्ही?"

मामांनी खोटं सांगितलं. तलैवरांनी दोन्ही हातांनी उठवलं म्हणाले. अप्पांनी मान हलवली. पटलं की नाही देव जाणे. त्या दिवशी ते जेवले, औषध घेतलं. तुझा विषय निघाला की ते पाण्याचा तांब्या चाचपडायचे, तहान नसली तरी.

त्यावर कळस म्हणून मंगळवारी तुझ्या ऑफिसातला तो चष्मेवाला आला. रविवारी सकाळी तू येणार, बरोबर टीव्हीवाले. त्याने हॉलमधली खुर्ची ओढून खिडकीशी ठेवली, आईचा फोटो थोडा डावीकडे घ्या म्हणाला, अय्यांना जरीची वेष्टी नेसवा म्हणाला. अप्पा तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, तो काय करायला येतोय? चष्मेवाल्याने मोठ्याने, कौतुकाने सांगितलं, "अण्णन तुमच्या पाया पडून आशीर्वाद घेणार, अय्या. वरून तसं सांगितलंय. लोकांना घरगुती माणूस आवडतो."

मी त्याला चहा दिला नाही, हे तुझ्या कानावर आलंच असेल.

आता बुधवारचं, म्हणजे कालचं. अतिवृद्धांचं मत घरी येऊन घेतात ते लोक आले. दोन अधिकारी, एक पोलीस, एक क्यामेरावाला. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. अप्पांना आता दिसत नसल्याने वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने खूण करायला मला बसवलं. त्याआधी माझी सही घेतली, की हे मत मी कोणाला सांगणार नाही. मग क्यामेरावाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

मी सगळी नावं हळू आवाजात वाचली. अप्पा म्हणाले, "पुनः वाच." मी पुन्हा वाचली. तुझ्या नावावर त्यांनी माझा हात धरला. "त्याच्या नावाआधीं माझं अक्षर अहे?"

आहे, म्हटलं. सां. मुरलीकृष्ण. आपल्याकडे बापाचं अक्षर आधी लागतं, ते कोण पुसणार?

अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. मी मनात काय म्हणत होते ते सांगते. ते 'मुलाला' म्हणाले तर माझा हात खूण करायला उठणार नाही असं वाटत होतं, आणि दुसरं कोणतं नाव घेतलं तरी उठणार नाही असंही वाटत होतं. शेवटी त्यांनी सांगितलं. त्यांनी सांगितलं तिथेच मी खूण केली, लिफाफा चिकटवला, पेटीत टाकला. त्यापुढचं विचारू नकोस. रागाच्या भरातही मी ती सही मोडणार नाही. तुझ्या पक्षात सहीला काय किंमत असते मला माहीत नाही.

ते लोक गेल्यावर अप्पा म्हणाले, मुरलीला लिही. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते:

"रविवारीं ये म्हण. टीव्हीवाले आणलास तरी चालतील, मला ते दिसत नाहींत. जेवून जा म्हण. पण माझ्या पाया पडूं नको म्हण. पडलास तर मी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेईन. सगळ्यांच्या समोर घेईन. मग लोकांना काय सांगायचं तें तुझा तूं बघ."

एवढं बोलून ते खरोखरच पाय वर घेऊन बसले. गुडघे दुखतात, जमेना, तरी खुर्चीचा दांडा धरून घेतले. मी म्हटलं, आत्ता कशाला, अप्पा, तो अजून आलेला नाही. तर म्हणाले, सवय करतो अहे. कालपासून येताजाता करतात. आज सकाळी मालिश करून देताना पाहिलं, मांडीत गोळा आलाय. मला हसावं की रडावं कळेना, आणि हे त्या म्हाताऱ्यावर कोणामुळे आलं ते आठवून पुन्हा डोकं फिरलं.

म्हणून सांगते, ये. रिकाम्या हाताने ये, एकटा ये, चष्मेवाल्याला गल्लीच्या तोंडाशी उभा कर. अप्पांसमोर उभा राहा. त्यांना तुझं तोंड दिसणार नाही, ते हाताने चाचपून बघतील. तेवढा वेळ दे. भाषण करू नकोस. त्यांनी विचारलंच, कोणी उठवलं, तर मामांनी सांगितलं तेच सांगायचं की खरं सांगायचं, ते तू ठरव. मला विचारशील तर खरं सांग. त्यांना खोटं ऐकून घ्यायची ह्या वयात काही गरज नाही.

आणि एक. गल्लीतल्या मराठी घरांत फिरून तुझ्यासाठी मतं मागावीत असा निरोप तू पाठवला होतास. मी फिरणार नाही. लोक विचारतील, तुम्ही कोणाला देणार, आणि मला दारात उभं राहून खोटं बोलता येत नाही. अप्पांच्या मतावर माझी सही आहे. माझ्या मतावर नाही, ते मी कोणालाही सांगू शकते, म्हणून पहिलं तुलाच सांगते. पुढच्या शुक्रवारी सकाळी लवकर जाऊन मी मत देऊन येईन. तुझं नाव, आणि त्याआधीचं अप्पांचं अक्षर, दोन्ही नीट बघेन. आणि बटण दुसरं दाबेन.

तुला मत न देणारी,
तुझीच
कामाक्षीअक्का