पपांचा दुसरा पेला

नंदाखाल,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय क्लेमेंट,

सप्रेम नमस्कार. ओसाकात तू खुशाल असशील. इथे पाऊस बरा आहे, केळी अजून उभ्या आहेत.

फोनवर पपांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहिते आहे. पपा पुन्हा पितात. अकरा वर्षांनी.

जूनमध्ये तू जपानची साके, ती तांदळाची दारू, आणलीस. ओटीवर इवलेसे पेले मांडलेस आणि तिथल्या हॉटेलात पाहुण्यांना शिकवतोस तसं आम्हांला शिकवलंस. तांदूळ किती घासतात, आधी वास, मग जिभेवर थेंब. मी म्हटलं, पपांना नको. तू म्हणालास, "तू पण ना, सालू. हे चाखणं आहे, पिणं नाही."

पपांनी पेला बराच वेळ नाकाशी धरला. म्हणाले, "राजेळी. पिवळी होऊन दोन दिवस झालेली." तू टाळ्या वाजवल्यास. या साकेला केळ्याचाच वास असतो, दहा पाहुण्यांत एकालाही तो ओळखता येत नाही, म्हणालास. जन्मभर केळी लावलेल्या माणसाच्या नाकाचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. तूही नाही.

आता आगाशीहून आणलेली कसलीही बाटली चालते. वास कोण घेतो? मी काही बोलले की, "क्लेमेंट सांगून गेलाय, चाखतोय फक्त." परवा बागेतल्या पाटात पडले, गुडघा फुटला. मम्मी पूर्वीसारखी मिस्सा संपली तरी चर्चमध्येच बसून राहते.

हे पत्र मी तीनदा फाडलं, कारण दर वेळी एक गोष्ट गाळत होते. तू म्हणाला होतास, तिकडे आपला पेला आपण भरायचा नाही, शेजारच्याने भरायचा. पपांच्या शेजारी मी होते. पहिला पेला तू दिलास. दुसरा मी भरला. तिसराही. ते इतके खुशीत होते की माझा हात थांबला नाही.

म्हणून माझं ते ऐकत नाहीत. काल बाटली काढून घेतली तर म्हणाले, "तूच ओतलीस ना?"

नाताळला नव्या बाटल्या आणतोस म्हणे. रिकाम्या हाताने ये. त्याआधी पपांना फोन कर आणि सांग, मी चुकीचं बोललो. त्यांना नुसतं चाखणं जमत नाही, हे तुला ठाऊक होतं.

माझी चूक आज सकाळी मी त्यांच्या तोंडावर कबूल केली. दुपारपर्यंत त्यांनी बाटलीला हात लावला नाही. माझ्या शब्दाचं बळ तेवढंच. पुढचं तुझ्याकडून हवं आहे.

तुझा फोन येईपर्यंत रागावलेली,
सालोमी